मदत हवी आहे: पात्रं काढायला शिकायचंय, एकच आजी दोनदा सारखी येत नाही

नमस्कार मंडळी. वय ३४. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती, सी ग्रेड. स्मरणचित्रात माणसं आली की मी ती पाठमोरी उभी करायचे, तेवढीच युक्ती. आता लेकीच्या गोष्टीतली भांडकुदळ आजी आणि तिचा बोकड काढायचाय. क्लासला ना पैसे ना वेळ, म्हणून फुकटातलंच धुंडाळतेय.

ड्रॉअबॉक्स या चित्रकला शिकवणाऱ्या फुकट वेबसाइटवरून रेषा आणि खोके काढतेय. त्यांचं २५० खोक्यांचं आव्हान ११०वर अडकलंय (खोके आता स्वप्नात येतात). प्रोको या चित्रकला शिकवणाऱ्या चॅनलचे यूट्यूबवरचे व्हिडिओही बघते. डोळे डोक्याच्या साधारण निम्म्या उंचीवर असतात म्हणे, आणि मी आजवर ते कपाळावर चढवत होते! मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच (म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या उंचीच्या साडेसात पट), हेही पाठ झालं. लॅपटॉपवर क्रिता हे चित्रं काढायचं फुकट सॉफ्टवेअर टाकलंय, पण पेन टॅबलेट नाही, म्हणून सगळं कागद-पेन्सिलवरच.

अडचण अशी की समोरून आजी जमते, पण बाजूने काढली की कोणी वेगळीच बाई दिसते. मांडी घालून बसवली तर पाय नऊवारीत कुठे गायब होतात कळत नाही. बोकड मात्र बरा येतो, का ते देवाला ठाऊक.

एकच पात्र वेगवेगळ्या कोनांतून ओळखू यावं म्हणून नेमका काय सराव करू? आधी शरीररचना शिकू, की ३० सेकंदांची झटपट रेखाटनं? मराठीतून समजावणारं एखादं चॅनल आहे का? आणि मंडईत बसून माणसं रेखाटायची तर लोक बघतात, फार संकोच वाटतो. तुम्ही कसं जमवता?