मदत हवी आहे: वस्तीतल्या वाचनालय-सभागृहासाठी खासदार निधी, घोडं जमिनीवर अडलंय

नमस्कार मंडळी. इंदूरच्या परदेशीपुरा भागातल्या आमच्या गरीब वस्तीसाठी एक खोली आणि ओटा बांधायचा आहे. खासदार निधीत वर्षाला ५ कोटी असतात. त्यातले किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि ७.५ टक्के जमातींच्या वस्त्यांसाठी. खासदार फक्त शिफारस करतात, मंजुरी जिल्हा प्रशासनाची. पैसा टिकाऊ सार्वजनिक बांधकामालाच मिळतो. पगार, वीजबिल यांना नाही, म्हणून देखभाल कोण करणार हे आधी लिहून द्यावं लागेल.

अडचण जागेची आहे. खसऱ्याच्या (जमिनीच्या सरकारी नोंदीच्या) नकलेत ‘शासकीय नजूल’ म्हणजे शहरातली सरकारी जमीन असं लिहिलंय, नगर निगमच्या (महापालिकेच्या) नकाशात तीच जागा ‘उद्यान’. अशा विसंगतीवर फाईल हमखास परत येते.

अनापत्ती (ना हरकत दाखला) आधी नजूल कार्यालयाकडून घ्यायची की निगमकडून? एस्टिमेट निगमच्या इंजिनिअरकडूनच हवं का? जुना मंजूर अर्ज कुणाकडे असेल तर नावं झाकून त्याचा फोटो टाका, कृपया. उद्यानाचं आरक्षण असताना सभागृह मंजूर झालेलं कुणी पाहिलंय का, तेही सांगा. तसं होत नसेल तर पावसाळ्याआधी दुसरी जागा शोधायला लागू.