ऑडिओग्राम सामान्य आला, तर इअरफोन पूर्वीसारखेच वापरावेत का?

प्रश्न

मी 20 वर्षांचा विद्यार्थी असून गेली चार वर्षे रोज इअरफोनवर संगीत ऐकतो. घरी शांत खोलीत अभ्यास करताना साधारण तीन तास, आणि आठवड्यातले सहा दिवस जाता-येता मिळून दीड तास बसमध्ये. फोनमधल्या नोंदीनुसार घरी आवाजाची पातळी सरासरी 77 डेसिबल, तर बसमध्ये 89 डेसिबल असते. गेल्या महिन्यात दोनदा, रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर, दोन्ही कानांत शिट्टीसारखा बारीक सूर ऐकू येऊ लागला. पंखा बंद केला की तो अधिकच स्पष्ट व्हायचा आणि सकाळपर्यंत विरून जायचा. घाबरून श्रवणतपासणी करून घेतली, तर ऑडिओग्राम (ऐकण्याच्या क्षमतेचा आलेख) पूर्णपणे सामान्य आला. संगीत हा माझ्या दिवसाचा मोठा आधार आहे आणि ते सोडण्याची माझी तयारी नाही. तपासणी सामान्य आली म्हणजे आहे तसेच चालू ठेवायला हरकत नाही, असे समजावे का?

प्रतिसाद 1

मी श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते. तपासणी करून घेतलीत हे फार चांगले झाले, पण तिचा अर्थ इतका ताणू नका. नेहमीच्या तपासणीत 250 ते 8000 हर्ट्झ या पट्ट्यातले काही निवडक सूर किती हळू आवाजात ऐकू येतात एवढेच पाहिले जाते. ते ऐकू येत असूनही आतल्या कानातल्या केशपेशी (आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी) आणि श्रवणतंतू यांना जोडणाऱ्या सांध्यांची हानी झालेली असू शकते, हे 2009 मध्ये उंदरांवरील एका अभ्यासात दिसून आले. त्या उंदरांची ऐकण्याची क्षमता मोठ्या आवाजानंतर काही काळ घटली आणि पुन्हा पूर्ववत झाली, परंतु तुटलेले सांधे मात्र भरून आले नाहीत. माणसांत हे नेमके किती प्रमाणात घडते यावर अजून एकमत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत तसे झालेच आहे असे मी म्हणणार नाही. तरीही आवाज ऐकल्यानंतर कानात सूर घुमणे ही कानावर ताण पडल्याची खूण आहे, आणि माणसाच्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हा सूर टिकून राहिला, एकाच कानात येऊ लागला किंवा अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर मात्र न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

प्रतिसाद 2

प्रश्नकर्त्याच्या वयाचा असताना मलाही असाच सूर ऐकू यायचा आणि सकाळी तो जातो म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केले. आज मी 34 वर्षांचा आहे आणि तो सूर आता जात नाही. माझ्या ऑडिओग्राममध्ये 4000 हर्ट्झपाशी ठळक खाच दिसते, म्हणजे त्या उंच सुरांना माझे ऐकणे घटले आहे. मोठ्या आवाजाने होणारी हानी बहुधा याच भागात आधी उमटते. गंमत नव्हे, पण कुणी रक्कम सांगत असेल, तर ‘साठ’ म्हणाले की ‘आठ’ हे ओठांकडे पाहिल्याशिवाय मला कळत नाही, कारण आवाज पोहोचतो आणि ‘स’ गळून पडतो. चार माणसे एकत्र बोलू लागली की मी गप्प बसतो. कृपया सकाळच्या शांततेवर विसंबू नका.

प्रतिसाद 3

तुम्ही आकडे दिले आहेत, म्हणून हिशोब करून पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास ही मर्यादा आहे (लहान मुलांसाठी ती 75 डेसिबल आहे). पातळी 3 डेसिबलने वाढली की ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि वेळ निम्मा होतो. त्यामुळे 83 वर 20 तास, 86 वर 10 आणि 89 वर फक्त 5 तास. खेदाची बाब अशी की 3 डेसिबलची वाढ कानाला जेमतेम जाणवते.

बसमधले तुमचे नऊ तास एकट्यानेच आठवड्याच्या मर्यादेच्या 180 टक्के होतात. घरचे 21 तास मात्र केवळ चौथ्या हिश्श्याच्या आसपास जातात, कारण 77 डेसिबलवर 80 तासांची मुभा आहे. म्हणजे अभ्यासाच्या वेळचे संगीत सोडण्याची गरजच नाही. प्रश्न बसचा आहे. इंजिनाच्या घरघरीवर मात करण्यासाठी आपण आवाज वाढवतो आणि उतरल्यावर तो कमी करायचे विसरतो. कानात घट्ट बसणारे किंवा बाहेरचा गोंगाट रोखणारे इअरफोन वापरून बसमधली पातळी 80 वर आणलीत, तर सगळे मिळून तुम्ही मर्यादेच्या निम्म्याच्या आत याल. रस्त्यावर चालताना मात्र ते काढून ठेवा. फोनमधले आकडे अंदाजी असतात, दुसऱ्या कंपनीचे इअरफोन जोडले असतील तर विशेषच, म्हणून काठावर राहू नका.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. घरचे ऐकणेच बंद करावे लागेल या भीतीने मी हा प्रश्न टाळत होतो. आजपासून फोनमध्ये कमाल पातळी 80 वर बांधली आहे. पुन्हा तपासणी कधी करावी?

प्रतिसाद 1

वर्षभराने करा, आणि सूर पुन्हा ऐकू आला तर त्याआधीच. तपासणीपूर्वी किमान 14 तास मोठा आवाज टाळा, नाहीतर तात्पुरता आलेला थकवा निकालात मिसळतो. आताचा ऑडिओग्राम जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक तपासणीची तुलना त्याच्याशीच करायची आहे.