होज, लाइन, बीड, फ्लेअर: मराठीत काय लिहावं?

बोरू
गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेचं मराठीकरण करतोय. टाकीकडून इंजिनाकडे जाणारी स्टीलची फ्युएल लाइन आणि तिला जोडायचा रबरी होज, हा भाग आहे. मी लिहिलंय: 'लवचिक नळी स्टीलच्या नळीला जोडून घट्ट आवळावी.' यातली कोणती नळी कुठली, हे माझं मलाच कळेना. होज, लाइन, बीड, फ्लेअर, बार्ब, क्लॅम्प या सहा शब्दांवर गाडी अडली आहे.

तेराचा पाना
आधी 'जोडून' काढा. होज स्टीलवर चढवतात. चढवणे म्हटलं की आत कोण, बाहेर कोण हा प्रश्नच मिटतो. मापंही त्यावरच ठरतात: होजचं माप आतल्या व्यासाचं, स्टीलच्या नळीचं बाहेरच्या. म्हणून ८ मिमीच्या नळीवर ८ मिमीचाच होज बसतो. दोघांनाही नळी म्हणून नुसतं '८ मिमी' लिहिलंत, तर कुणीतरी बाहेरचा व्यास मोजून होज आणणार आणि तो नळीवर चढणारच नाही. उलट सैल होज आणून क्लॅम्पने आवळला की रबराला चुणी पडते, आणि पेट्रोल त्या चुणीतूनच वाट काढतं.

उकल
पानाभाऊंचं 'चढवणे' अगदी मुळाला धरून आहे. होज म्हणजे मुळात पायावर चढवायचा मोजा. जर्मनमध्ये याच शब्दाचा अर्थ आज विजार असा आहे. आणि आपल्याकडे नळी म्हणजे नडगीसुद्धा! नळीवर मोजा चढवायचा, असं चित्र आपोआप तयार होतं. माझं मत: नळी हा शब्द फक्त स्टीलसाठी राखावा. ती ताठच असते. 'नळी फुंकली सोनारे'मधली नळीही काही रबरी नव्हती. होजला होजच म्हणा.

बोरू
पटलं. मग मोजा घसरू नये म्हणून जे असतं ते बीड का? मी 'मणी' लिहिलं होतं.

तेराचा पाना
मणी म्हटलं की सुटी वस्तू डोळ्यांसमोर येते. बीड नळीचाच भाग असतो, टोकाजवळ गोल फुगवून काढलेलं कडं. सपाट कापलेल्या नळीवर होज नुसता आवळला, तर दाबाने आणि थरथरीने तो हळूहळू मागे सरकत निसटतो. कारब्युरेटरच्या जुन्या गाडीत दाब साधारण ४ ते ७ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), पण इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या गाडीत सर्रास ४० ते ६०. तिथे होज निसटला की तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा फवाराच.

उकल
'कडं' घ्या. पुढे कधी फेरूल, म्हणजे टोकावर बसवायची धातूची कडी आली तर त्याला वसवी म्हणा, मुसळाच्या टोकाला असते ती. गंमत म्हणजे फेरूलचं मूळही लॅटिनमधल्या 'छोटं कंकण' अशा अर्थाच्या शब्दात आहे. लोखंडाशी त्याचं नातं लोकांनी नंतर जोडलं.

नवशिक्या
फ्लेअर आणि बीड एकच ना? दोन्हीत टोक फुगवतातच की.

तेराचा पाना
नाही हो, इथेच घोटाळा होतो. फ्लेअर म्हणजे कर्ण्यासारखं उमललेलं तोंड. ते नटाने दाबून धातूवर धातू बसवायचं असतं. त्यावर होज चढवला तर त्याची धार रबराला आतून कापते. कडं मात्र गोलसर असतं. डबल फ्लेअरच्या हत्याराने पहिल्याच टप्प्यावर थांबलात, तर असा गोल फुगवटा मिळतो. त्याआधी नळी कटरने कापा, हॅकसॉने नको. किस आत गेला की थेट इंजेक्टरपर्यंत पोचतो.

बोरू
म्हणजे फ्लेअरला 'कर्णा'. बार्बला 'उलटे दात' चालेल?

तेराचा पाना
चालेल. होज चढवायच्या तोंडावर तो मागे सरकू नये म्हणून ते काढलेले असतात. पण काही बार्बांचे दात इतके धारदार असतात की वरून क्लॅम्प आवळला की होज आतून चिरतो. ते त्यांच्यासाठीच बनवलेल्या होजला, क्लॅम्पशिवाय वापरायचे. क्लॅम्पला क्लॅम्पच म्हणा, नाहीतर क्लिप.

उकल
स्क्रू फिरवून पट्टी आवळायच्या क्लिपला पुष्कळ जण 'ज्युबिली' म्हणतात. ते मुळात एका ब्रँडचं नाव. लम्ली रॉबिन्सन यांना त्या क्लिपचं पेटंट १९२१ साली मिळालं.

तेराचा पाना
त्याच धर्तीच्या काही स्वस्त क्लिपांच्या पट्टीला आरपार खाचा असतात. त्या रबरात रुततात. इंजेक्शनसाठी कडा वळवलेली, आतून गुळगुळीत, नट-बोल्टची क्लिप घ्यावी. आणि 'घट्ट आवळावी' नको, 'रबर चेपेल इतपत' असं लिहा. घट्ट म्हटलं की आपला माणूस अंगावर बसून आवळतो.

नवशिक्या
आणि 'लवचिक'? पाण्याचा रबरी पाइपही लवचिकच की.

तेराचा पाना
म्हणून तो शब्द मला धोक्याचा वाटतो. पाण्याचा पाइप पेट्रोलने फुगून मऊ पडतो. होजवर छापलेलं मानक वाचायचं (एसएई ही वाहन-अभियंत्यांची संस्था ते ठरवते): एसएई जे३० आर७ असेल तर तो कारब्युरेटरपुरता, आर९ असेल तर इंजेक्शनला चालतो. टाकीत बुडून राहायचा असेल तर आर१०. डिझेलच्या उच्चदाब लाइनला मात्र कुठलाच होज नको. तिथला दाब हजाराहून जास्त बार असू शकतो (एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय). फवारा कातडी भेदून आत शिरतो.

बोरू
नवा मसुदा: 'इंजिन थंड असताना पंपाचा फ्यूज काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून लाइनमधला दाब उतरवावा. बॅटरीची ऋण तार सोडावी. होज नळीच्या कड्यावरून पुढे सरकवत साधारण २५ मिमी चढवावा. क्लॅम्प कड्याच्या पलीकडे, होजच्या टोकापासून थोडा आत बसवावा. फ्यूज व तार परत जोडून, इंजिन चालू न करता किल्ली फिरवून पंपाला दाब भरू द्यावा व गळती आहे का ते पाहावे.' लाइन हा शब्द टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या मार्गासाठीच ठेवला आहे.

तेराचा पाना
झकास. फक्त 'गळती'च्या जागी 'ओल' करा. गळती म्हटलं की लोक थेंब पडायची वाट बघत बसतात.