विहिरीतून काढलेला मृतदेह, बुडाल्याची एकही खूण नाही. मृत्यूचं कारण काय लिहू?

आरएच_एमओ
ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन करतोय. तातडीचं आहे, बॉडी अजून टेबलवरच आहे. पुरुष, वय अंदाजे ४५, विहिरीतून काढलेला. नाकातोंडाला फेस नाही, श्वासनलिकेतही नाही. तोंडात थोडा गाळ. फुफ्फुसं फुगलेली नाहीत, कापल्यावर पाणी वाहत नाही. जठरात भाकरीचे कण आहेत, पाणी नाही. डोक्याच्या मागे ३ सेंमीची फाटलेली जखम, कवटी आणि मेंदू ठीक. मानेत काही नाही, हायॉइड (गळ्यातलं लहान हाड) शाबूत. आयओ (तपास अधिकारी) म्हणतात ‘पाण्यात बुडून’ लिहा आणि बॉडी ताब्यात द्या. ‘ड्राय ड्राउनिंग’ (फुफ्फुसात पाणी न जाता बुडणं) लिहून टाकू का? थेट उत्तर द्या, व्याख्यान नको.

न्यायवैद्यक_शिक्षक
थेट उत्तर: नाही. २००२ साली ॲमस्टरडॅमच्या जागतिक परिषदेत बुडण्याची व्याख्या नव्याने ठरली, तेव्हापासून ‘ड्राय’, ‘वेट’ हे शब्द वापरू नका असंच सांगितलं जातं. खुणा नाहीत म्हणून ‘ड्राय’ लिहिलंत तर कोर्टात पहिलाच प्रश्न येईल: मग बुडाला हे कशावरून?

आता हे सांगा. शेवटचा जिवंत कधी दिसला, सापडला कधी? तळहात-तळपायाची कातडी पांढरी सुरकुतली आहे का? लिव्हिडिटी (मेल्यावर रक्त खाली साचून कातडीवर उमटणारा डाग) कुठे आणि कोणत्या रंगाची? फुफ्फुसांचं वजन किती? मेंदू काढल्यावर स्फेनॉइड सायनस (नाकामागची हाडातली पोकळी) उघडलात का? नसेल तर सेला टर्सिकाच्या (मेंदूखालच्या हाडातल्या खळग्याच्या) तळाचं हाड छिन्नीने उडवा आणि सिरिंजने आतलं पाणी ओढा. पाणी मिळालं तरी तो आधार आहे, पुरावा नव्हे. आणि मुख्य म्हणजे माणूस विहिरीत उतरला कशाला? बॉडी शिवू नका.

सूक्ष्मदर्शी
इतका विचार कशाला? डायटॉम (पाण्यातली सिलिकाच्या कवचाची सूक्ष्म शेवाळं) टेस्टला पाठवा. अख्खं फीमर (मांडीचं हाड) किंवा स्टर्नम (छातीचं मधलं हाड) न उघडता काढा, कारण मज्जेपर्यंत डायटॉम पोचायला हृदय चालू असावं लागतं. फुफ्फुसातल्या डायटॉमला अर्थ नाही, पाणी मेल्यानंतरही आत शिरतं. हत्यारं आणि बरणी डिस्टिल्ड वॉटरने धुवा, नळाच्या पाण्याने नाही. हाड मिठाच्या द्रावणात टाकू नका, मिठातूनही डायटॉम येऊ शकतात. बॉडी जिथे सापडली तिथलं १ लिटर पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत घ्या. लॅब मज्जा तीव्र नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवते, सिलिकाची कवचं तेवढी उरतात, ती पाण्याच्या नमुन्याशी जुळवून बघतात.

रसायन_विश्लेषक
पद्धत बरोबर आहे, पण रिपोर्ट निगेटिव्ह आला तर डॉक्टरांनी काय समजायचं? विहिरीच्या पाण्यात डायटॉम कमी असतात, ऋतूप्रमाणे संख्या बदलते. निगेटिव्ह आलं म्हणून बुडणं नाकारता येत नाही. हाड पाठवा जरूर, पण बाकी सगळं सोडून त्याच्यावर विसंबू नका.

सूक्ष्मदर्शी
निगेटिव्ह येईल या भीतीने टेस्टच मागे ठेवायची का?

रसायन_विश्लेषक
मागे ठेवा असं म्हटलेलं नाही. पाचवी-सहावी बाटली म्हणून जाऊ द्या, पहिली म्हणून नको.

शेतकरी_मदत
कुटुंबाला सांगा, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. बुडणं, विजेचा धक्का, सर्पदंश सगळं त्यात बसतं, आत्महत्या बसत नाही. सातबारा, पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट आणि पंचनामा तयार ठेवा.

न्यायवैद्यक_शिक्षक
माहिती उपयोगी आहे, पण टेबलवर बॉडी असताना अनुदानाचा विचार कारणात मिसळू नये.

आरएच_एमओ
शेवटचा काल संध्याकाळी ६ला दिसला, सकाळी ७ला सापडला. सुरकुत्या पायाला आहेत, हाताला नाहीत. लिव्हिडिटी पाठीवर, गुलाबी. फुफ्फुसं मिळून ८४० ग्रॅम. स्फेनॉइड कोरडा. विहिरीत कशाला उतरला हा पोलिसांचा विषय, माझा नाही. विष घेतलं असेल तर? व्हिसेरा (विषतपासणीसाठी पोटातले अवयव) ठेवतोच आहे.

न्यायवैद्यक_शिक्षक
पायाला सुरकुत्या आणि हाताला नाहीत, मग हात पाण्याबाहेर होते. लिव्हिडिटी पाठीवर आहे, मग माणूस उताणा होता. बुडालेला माणूस बहुधा पालथा असतो, डोकं आणि हातपाय खाली, लिव्हिडिटी चेहऱ्यावर आणि हातापायांवर. पंचनामा मागवा आणि स्वतः वाचा. बॉडी कोणत्या स्थितीत होती?

गुलाबी कशी? लालसर गुलाबी की फिकी? नखांखाली आणि ओठांच्या आत काय रंग? स्नायू आणि कापलेल्या फुफ्फुसाचा रंग?

आरएच_एमओ
नखं, ओठ, स्नायू, सगळं चेरीसारखं लाल. पंचनाम्यात: ‘विहिरीच्या आतील टप्प्यावर उताणे, कमरेखालील भाग पाण्यात, शेजारी इंजिन’. म्हणजे डोकं पाण्याबाहेरच होतं. तोंडातला गाळ दोराने ओढून काढताना गेला असेल.

पंप_वायरिंग
तर मग हा करंट आहे. विहिरीत पंप आणि पाय पाण्यात, आणखी काय हवं? थ्री-फेज ४१५ व्होल्ट. आणि विजेची खूण शोधत बसू नका, पाण्यात संपर्क मोठ्या भागावर पसरतो म्हणून जळल्याची खूण बहुधा उमटत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर हृदयातून गेला की व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदयाची नुसती थरथर, रक्त पुढे जात नाही) होऊ शकतं. विद्युत निरीक्षकांना कळवायला सांगा, २००३च्या विद्युत कायद्यातलं कलम १६१ त्यासाठीच आहे. केबलचा जोड, स्टार्टर आणि अर्थिंग तेच तपासतील.

न्यायवैद्यक_शिक्षक
खूण नसणं म्हणजे करंट नाकारणं नव्हे, हे मान्य. तळवे, बोटांच्या बेचक्या, चपलेखालची जागा पुन्हा बघा. शंका वाटली तर कातडीचा तुकडा सभोवारची १ सेंमी निरोगी कातडी धरून १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. पण एक गोष्ट: करंटने मेलेल्याची लिव्हिडिटी गडद असते, चेरी-लाल नसते. आणि पंचनाम्यात ‘इंजिन’ लिहिलंय, ‘मोटर’ नाही. डॉक्टर, इंजिन कोणत्या इंधनाचं?

पंप_वायरिंग
विहिरीत सबमर्सिबल पण असू शकते. दोन्ही असतात बऱ्याच ठिकाणी.

रसायन_विश्लेषक
थांबा, लाल रंगावरून घाई नको. थंड पाण्यात किंवा शीतपेटीत राहिलेली बॉडीही गुलाबी दिसते. सायनाइडमध्येही दिसते. बॉडी फ्रिजमध्ये होती का?

आरएच_एमओ
फ्रिज नाही आमच्याकडे. बॉडी उन्हात होती, मग इथे आली. इंजिन पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारं. पाणी खाली गेलं म्हणून टप्प्यावर उतरवलं होतं. सबमर्सिबलही आहे, पण गेला आठवडाभर लाइनच नव्हती, असं भाऊ म्हणतो.

न्यायवैद्यक_शिक्षक
लाइन नव्हती हे वीज कंपनीच्या उपकेंद्राच्या नोंदीतून लेखी मागवायला सांगा, भावाच्या शब्दावर करंट वगळू नका.

पेट्रोल-रॉकेल इंजिन बंद विहिरीत चालवलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो. डिझेलमध्ये तुलनेने कमी निघतो, म्हणून इंधन विचारलं. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या २०० ते २५० पट घट्ट धरतो, आणि वास येत नाही. बॉडी उन्हात असूनही स्नायूंपर्यंत लाल आहे, म्हणून थंडीचा मुद्दा इथे कमी लागू पडतो. डोक्याची जखम चक्कर येऊन टप्प्यावर पडल्याने असू शकते. तिची कड फॉर्मॅलिनमध्ये ठेवा.

आत्ता हे करा. मांडीच्या शिरेतून १० मिली रक्त घ्या, हृदयातलं किंवा छातीच्या पोकळीतलं नको. बाटलीत सोडियम फ्लोराइड १० मिग्रॅ प्रति मिली आणि पोटॅशियम ऑक्झलेट. बाटली काठोकाठ भरा, वर हवा राहिली की कार्बन मोनॉक्साइड तिच्यात निघून जातो. झाकण घट्ट, बर्फात. रक्त मिळालं नाही तर मांडीचा स्नायू आणि प्लीहा.

रसायन_विश्लेषक
तिथेच एक पडताळणी करता येईल. रक्त १:२० पातळ करा, त्यात १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचे काही थेंब. शेजारी निरोगी माणसाचं रक्त त्याच प्रमाणात. साधं रक्त हिरवट तपकिरी होतं, कार्बन मोनॉक्साइडचं गुलाबीच राहतं. कमी प्रमाण निसटतं, म्हणून हा अंदाज, निष्कर्ष नाही. किती टक्के हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड चिकटलाय तो आकडा लॅबच देईल. बहुतेक मृत्यूंत तो ५० टक्क्यांच्या वर असतो, हृदयाचा आजार असेल तर कमी टक्क्यावरही माणूस जातो. कोरोनरी (हृदयाच्या रक्तवाहिन्या) उघडून बघितल्या का?

व्हिसेरा वेगळा: जठर आतल्या पदार्थासह, लहान आतड्याचा वरचा ३० सेंमी भाग, यकृत २०० ग्रॅम, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग. संपृक्त मिठाच्या द्रावणात, बरणी दोन तृतीयांशच भरा. द्रावणाचा कंट्रोल नमुना (तुलनेसाठी नुसतं द्रावण) वेगळा.

तपासी_अंमलदार
डॉक्टर, आम्हाला बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १९४ खाली २४ तासांत अहवाल पाठवायचा असतो. तुम्ही कारण द्या. अपघात, आत्महत्या की घात हे ठरवणं आमच्याकडे आहे.

न्यायवैद्यक_शिक्षक
अहवालाला २४ तास आहेत, अंतिम कारणाला नाहीत. कारण राखून ठेवून बॉडी देता येते. मृत्यूचा प्रकार तुम्ही ठरवता हे खरं, पण डॉक्टरचं कारण चुकलं की तपास चुकीच्या वाटेने जातो. ‘बुडून’ लिहिलंत की इंजिनकडे कोणी बघणार नाही.

रात्रपाळी
संध्याकाळ झाली तर? २०२१च्या केंद्राच्या आदेशाने सूर्यास्तानंतर पीएम करता येतं, पण संशयित घातपात, खून, आत्महत्या आणि कुजलेल्या बॉडी सहसा वगळल्या आहेत.

आरएच_एमओ
दुपार आहे. ते विचारलं नव्हतं.

पडताळणी केली. त्याचं रक्त गुलाबीच राहिलं, आमच्या वॉर्डबॉयचं तपकिरी झालं. कोरोनरी उघडल्या, डावीत निम्मा अडथळा. आता कारणात ‘कार्बन मोनॉक्साइड विषबाधा’ लिहू?

न्यायवैद्यक_शिक्षक
नाही. ‘मृत्यूच्या कारणाबाबतचे मत रासायनिक विश्लेषण व सूक्ष्म ऊतक तपासणीच्या अहवालांच्या अधीन राखून ठेवले आहे’ एवढंच. निरीक्षणांत चेरी-लाल लिव्हिडिटी, नखं, स्नायू, कोरडा स्फेनॉइड, फुफ्फुसांचं वजन, पायापुरत्या सुरकुत्या, कोरोनरी हे सगळं तपशिलात लिहा. रक्ताच्या बाटलीच्या मागणीपत्रावर ‘कार्बोक्सीहिमोग्लोबिनची टक्केवारी द्यावी’ (म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन) असं स्पष्ट मागा. नुसतं ‘विषासाठी तपासणी’ लिहिलं तर ही तपासणी होईलच असं नाही.

सूक्ष्मदर्शी
आणि स्टर्नम पाठवताय ना? कार्बन मोनॉक्साइडने बेशुद्ध पडून नंतर पाण्यात घसरलेला माणूस बुडूनही मरतो.

न्यायवैद्यक_शिक्षक
हा मुद्दा रास्त आहे. पाठवा. फक्त पाण्याच्या नमुन्यासाठी आत्ता कोणीही विहिरीत उतरू नये. बॉडी काढताना कोणी उतरलं असेल आणि त्याला डोकेदुखी, मळमळ असेल तर लगेच बोलावून घ्या, ऑक्सिजन लावा. विहिरीत मेणबत्ती सोडून बघणं पुरेसं नाही, कार्बन मोनॉक्साइड जीवघेण्या प्रमाणात असताना ती जळत राहते. अग्निशमन दलाच्या मीटरने हवा मोजून मगच आत. पाणी दोराला बाटली बांधून वरून घेता येतं.

तपासी_अंमलदार
काढणाऱ्यांपैकी एक जण सकाळपासून डोकं धरून बसलाय. आणतो त्याला.

रसायन_विश्लेषक
आधी ऑक्सिजन देऊ नका, आधी त्याचं ५ मिली रक्त काढा, एका मिनिटाचं काम आहे. मग ऑक्सिजन. बोटाच्या पल्स ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं तरी सोडू नका, ते यंत्र कार्बोक्सीहिमोग्लोबिनला प्राणवायूवालं हिमोग्लोबिन समजून मोजतं.

न्यायवैद्यक_शिक्षक
रक्तासाठी ऑक्सिजन एक मिनिटही अडवू नका, दोन्ही एकाच वेळी करा. अंमलदार, इंजिन जागेवरून हलवू नका. फोटो, स्विच चालू की बंद, टाकीत रॉकेल उरलंय की संपलंय, हे सगळं पुरवणी पंचनाम्यात घ्या. स्विच चालू आणि टाकी रिकामी असेल तर इंजिन रॉकेल संपेपर्यंत चाललं असणार.

तपासी_अंमलदार
माणूस पाठवलाय विहिरीवर. स्विच चालू आहे. टाकीचं झाकण काढून बघतो म्हणाला होता, थांबवलंय त्याला, हवा मोजायला मीटर येईपर्यंत.