८० वर्षे ५ महिने उरलेला लीझहोल्ड फ्लॅट : मुदतवाढीची नोटीस विकणाऱ्याने द्यावी की आम्ही?

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. आम्ही दोघे इंग्लंडमध्ये पहिलेच घर घेत आहोत. रेडिंगमधील एका तीन मजली इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट आम्हाला पसंत पडला असून २ लाख ७० हजार पाउंडांचा आमचा प्रस्ताव मालकीणबाईंनी स्वीकारला आहे. जाहिरातीत ‘लीझहोल्ड, ९९ वर्षे’ (म्हणजे मालकी ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने) एवढेच लिहिले होते. सॉलिसिटरने भाडेपट्ट्याची प्रत पाठवली तेव्हा कळले की सह्या सप्टेंबर २००८ मधल्या असल्या, तरी मुदत ‘२५ मार्च २००७ पासून ९९ वर्षे’ अशी धरलेली आहे. म्हणजे पट्टा २४ मार्च २१०६ रोजी संपतो आणि आजच्या हिशेबाने ८० वर्षे आणि जेमतेम ५ महिने उरतात. ग्राउंड रेंट, म्हणजे मूळ मालकाला (फ्रीहोल्डरला) द्यायचे भाडे, वर्षाला १५० पाउंड असून तो शेवटपर्यंत तेवढाच राहणार आहे.

उरलेली मुदत ८० वर्षांवर असतानाच मुदतवाढ मागावी, नंतर ती महाग पडते, एवढे वाचनात आले आहे. पण सल्ले तीन तऱ्हेचे मिळत आहेत. एजंट म्हणतात, दोन वर्षे मालकी असण्याची जुनी अट आता उरलेली नाही, तेव्हा आधी फ्लॅट घ्या आणि मग सावकाश नोटीस द्या. कार्यालयातले एक सहकारी म्हणतात, नवा कायदा संमत झालाच आहे, थोडे थांबलात तर हा जास्तीचा खर्चच राहणार नाही. एका नातेवाइकांचे म्हणणे असे की लीझहोल्डच्या फंदात पडूच नका, फ्रीहोल्ड, म्हणजे कायमच्या मालकीचा, फ्लॅट शोधा. आमची बचत बेताची आहे आणि पहिल्याच खरेदीत चूक करायची नाही. ज्यांनी हे स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

कागदपत्रे_जपा

तुम्ही पट्ट्याचे पहिले पान नीट वाचलेत, हे फार बरे केलेत. सह्यांची तारीख आणि मुदत सुरू होण्याची तारीख यांतल्या फरकाने पुष्कळांचा हिशेब चुकतो. तुमच्या बाबतीत तो फरक दीड वर्षाचा आहे.

एजंटचे म्हणणे अर्धे खरे आहे. दोन वर्षांची अट ३१ जानेवारी २०२५ पासून रद्द झाली. परंतु मुदतवाढ मागणारी, १९९३ च्या लीझहोल्डविषयक कायद्यातील सेक्शन ४२ ची नोटीस देण्यासाठी लँड रजिस्ट्रीत (मालमत्तांच्या सरकारी नोंदवहीत) मालक म्हणून तुमचे नाव चढलेले असावे लागते. पैसे दिले, किल्ल्या हातात आल्या, सामान आत गेले, म्हणजे नाव चढले असे होत नाही. नोंदणीला कधी काही आठवडे लागतात, तर कधी बरेच महिने. त्यात अजून तुमचे सर्वेक्षण, कर्जमंजुरी आणि एक्सचेंज (सही केलेल्या करारांची देवाणघेवाण) व्हायचे आहे. येत्या २४ मार्चच्या आत, म्हणजे मुदत ८० वर्षांवर असतानाच, हे सारे आटोपून नाव चढेल, या भरवशावर मी तरी राहणार नाही.

म्हणून नोटीस आजच्या मालकीणबाईंनी द्यावी आणि कम्प्लिशनच्या (व्यवहार पूर्ण होऊन ताबा मिळण्याच्या) दिवशी त्या नोटिशीचा लाभ फ्लॅटबरोबर तुमच्या नावे करून द्यावा. कायद्यात याची सोय आहे. मात्र ‘फ्लॅटबरोबर’ हा शब्द मी मुद्दाम वापरत आहे, कारण आमचे नुकसान नेमके तिथेच झाले.

आम्ही २०१६ मध्ये घेतलेल्या फ्लॅटच्या पट्ट्याची ८० वर्षे ३ महिने उरली होती. विकणाऱ्या गृहस्थांनी नोटीस वेळेत दिली होती. कम्प्लिशनला ट्रान्स्फरच्या टीआर १ फॉर्मवर सह्या झाल्या, पण नोटिशीचा लाभ आमच्या नावे करणारा स्वतंत्र दस्त दुसऱ्याच फाइलमध्ये राहिला आणि त्यावर सही झाली ती ९ दिवसांनी. पट्टा एका हाती गेला आणि नोटीस दुसऱ्या हाती राहिली, तर कायद्याने ती नोटीस मागे घेतल्यासारखी धरली जाते. फ्रीहोल्डरच्या वकिलांनी दोन्ही कागदांवरच्या तारखा समोर ठेवल्या आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हा दोन वर्षांची अट होती, म्हणून आम्ही थांबलो आणि ७८ वर्षांच्या पट्ट्यावर मुदतवाढ घेतली. त्या ९ दिवसांपायी वर्षभराची बचत गेली.

तुमच्या सॉलिसिटरला आजच लेखी कळवा की मालकीणबाई कोणत्या तारखेपर्यंत नोटीस देतील, लाभाचा दस्त ट्रान्स्फरसोबतच कसा अमलात येईल आणि तुमचे नाव चढेपर्यंतच्या काळात नोटिशीसंबंधी त्या तुमच्या सांगण्यानुसार वागतील, हे सगळे करारातच यायला हवे. कर्ज देणाऱ्या बँकेलाही मुदतवाढ चालू असल्याचे आधी सांगा. तिला ते शेवटच्या आठवड्यात कळले, तर कम्प्लिशन लांबते.

मोजपट्टी

मी सर्वेअरच्या कार्यालयात काम करते आणि अशी मूल्यांकने रोज पाहते. रेडिंगकर, तुमच्याच आकड्यांवर ढोबळ हिशेब मांडून दाखवते. यात पट्टा लांब असता तर फ्लॅटची किंमत २ लाख ९० हजार पाउंड झाली असती, असे मी धरले आहे. खरा आकडा प्रत्यक्ष पाहणीनंतरच ठरेल.

फ्रीहोल्डरला दोन गोष्टींची भरपाई द्यावी लागते. पहिली म्हणजे बुडणारे ग्राउंड रेंट. वर्षाला १५० पाउंड, ८० वर्षे, ६ टक्के दराने आजचे मूल्य काढले की साधारण २,५०० पाउंड होतात. दुसरी म्हणजे पट्टा संपल्यावर फ्लॅट त्याच्याकडे परत जाणार होता, ते आता ९० वर्षे पुढे ढकलले जाते. फ्लॅटसाठी रूढ असलेल्या ५ टक्के दराने त्याचे आजचे मूल्य सुमारे ५,७०० पाउंड निघते. एकूण झाले ८,२०० च्या आसपास.

आता हीच नोटीस २४ मार्चनंतर दिली असे समजा. वरच्या दोन रकमा जवळपास तशाच राहतात, पण तिसरी उभी राहते, ती म्हणजे मॅरेज व्हॅल्यू. मुदतवाढीने फ्लॅटचे मूल्य २ लाख ७० हजारांवरून २ लाख ९० हजारांवर गेले. या २० हजारांच्या वाढीतून फ्रीहोल्डरची वरची भरपाई वजा केली, तर सुमारे ११,८०० उरतात आणि त्यातला निम्मा वाटा त्याला द्यावा लागतो. म्हणजे आणखी ५,९०० पाउंड. ८,२०० चे १४,१०० झाले, आणि तेही काही दिवसांच्या उशिरामुळे. मूल्यांकनाची तारीख ही नोटीस दिल्याची तारीख असते, त्यामुळे वाटाघाटी पुढे वर्षभर चालल्या तरी ८० च्या वरचा हिशेब तुमच्या हातून जात नाही.

याखेरीज, आज लागू असलेल्या नियमांनुसार फ्रीहोल्डरच्या वकिलाचा आणि सर्वेअरचा वाजवी खर्चही मुदतवाढ मागणाऱ्यालाच सोसावा लागतो. तो आणि स्वतःचा खर्च बाजूला काढून ठेवा.

सहकाऱ्यांच्या सल्ल्याविषयी. २४ मे २०२४ रोजी राजसंमती मिळालेल्या कायद्यात मॅरेज व्हॅल्यू रद्द करण्याची आणि ९० ऐवजी ९९० वर्षे मुदतवाढ देण्याची तरतूद खरोखरच आहे. पण ती कलमे अजून लागू झालेली नाहीत. ज्यांचा पट्टा आधीच ७० वर्षांपर्यंत खाली आला आहे त्यांनी वाट पाहावी की नाही, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. तुमचा तसा नाही. आज तुम्ही मॅरेज व्हॅल्यूच्या बाहेर आहात, नोटीस दिली की बाहेरच राहाल आणि पट्टा १७० वर्षांचा होऊन ग्राउंड रेंट शून्य होईल.

फ्रीहोल्डरने परस्पर, नोटिशीशिवाय मुदतवाढ देऊ केली, तर मसुदा सर्वेअरला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. २०२२ च्या ग्राउंड रेंट कायद्यानंतरही अशा ऐच्छिक मुदतवाढीत मूळ पट्ट्याच्या उरलेल्या वर्षांपुरते जुने भाडे चालू ठेवता येते. रक्कम कमी दिसते ती पुष्कळदा त्यामुळेच.

एडिंबराकर

फ्रीहोल्ड फ्लॅटच्या सल्ल्याबद्दल थोडे लिहितो. इकडे स्कॉटलंडमध्ये फ्लॅट मालकीहक्कानेच विकला जातो आणि छप्पर, जिना, पाया यांचा खर्च कोणी किती द्यायचा यासाठी २००४ चा टेनेमेंट कायदा आहे. इंग्लंडमध्ये ती चौकट नाही. तिथे फ्रीहोल्ड मालमत्तेवरचे ‘अमुक दुरुस्ती करत राहीन’ असे वचन पुढच्या मालकावर बंधनकारक होत नाही. ऱ्होन विरुद्ध स्टीव्हन्स या १९९४ च्या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने) हेच कायम केले आणि तो वाद छपराचाच होता. शेजारच्या मोठ्या घराच्या मालकाने खालच्या कॉटेजवर येणारे छप्पर राखण्याचे वचन दिले होते. घर दुसऱ्याच्या हाती गेले आणि कॉटेजवाल्यांचे छप्पर गळत राहिले. वरच्या मजल्याचा नवा मालक छपराला हात लावायला बांधील नसेल, तर अशा फ्लॅटवर कर्ज द्यायला बहुतेक बँका तयार होत नाहीत.

तुमच्या नातेवाइकांच्या मनात कदाचित ‘शेअर ऑफ फ्रीहोल्ड’ असेल. ती चांगली गोष्ट आहे, पण तिथेही प्रत्येक फ्लॅटचा पट्टा असतोच. फक्त फ्रीहोल्ड सहसा रहिवाशांच्या स्वतःच्या कंपनीकडे असते. अशा वेळी ती कंपनी कंपनीज हाऊसमध्ये (कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयात) जिवंत आहे ना, तिची विवरणे वेळेवर जातात ना, हे आधी पाहा. कॉमनहोल्ड (फ्लॅटची कायमची मालकी आणि सामाईक भाग रहिवाशांच्या संस्थेकडे) हा तिसरा प्रकार इंग्लंडमध्ये २००४ पासून उपलब्ध आहे, परंतु तशा इमारती अगदी मोजक्याच आहेत.

रेडिंगकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मोजपट्टीताई, तुमचा हिशेब मालकीणबाईंना जसाच्या तसा वाचून दाखवला. त्या नोटीस द्यायला तयार आहेत, पण व्यवहार मोडला तर फ्रीहोल्डरचा खर्च आपल्या गळ्यात पडेल, अशी त्यांना भीती वाटते. ती रास्त आहे का?

कागदपत्रे_जपा

रास्त आहे. नोटीस देऊन पुढे मागे घेतली, तर तोवरचा फ्रीहोल्डरचा वाजवी खर्च देणे लागते आणि नव्या नोटिशीसाठी १२ महिने थांबावे लागते. शिवाय फ्रीहोल्डर अनामत मागू शकतो. नोटिशीत देऊ केलेल्या रकमेचा दहावा भाग किंवा २५० पाउंड, यांपैकी जे अधिक असेल ते. त्यांना असे लेखी द्या की नोटिशीचा सारा खर्च आणि अनामत तुम्ही भराल आणि व्यवहार तुमच्या बाजूने मोडला तर तोवरचा खर्चही तुम्हीच सोसाल. त्यांच्या बाजूने मोडला, तर खर्च त्यांचा. आणि त्यांना हेही सांगा की तुम्ही मागे फिरलात तरी ती नोटीस त्यांच्याच हाती राहील. त्याच नोटिशीसह त्या पुढच्या ग्राहकाला फ्लॅट विकू शकतील आणि त्यालाही मॅरेज व्हॅल्यू द्यावी लागणार नाही.

एक बारीक गोष्ट राहिली. नोटीस पाठवताना ग्राउंड रेंटच्या सर्वांत ताज्या मागणीपत्रावर छापलेले फ्रीहोल्डरचे नाव आणि पत्ता लँड रजिस्ट्रीच्या उताऱ्याशी ताडून पाहा. दोन्हींत फरक निघाला तर दोन्ही पत्त्यांवर पाठवा आणि पोहोच मिळाल्याचा कागद जपून ठेवा. उलट नोटिशीसाठी, म्हणजे तुमच्या नोटिशीला उत्तर देण्यासाठी, फ्रीहोल्डरला किमान दोन महिने द्यावे लागतात. ती आली आणि रक्कम आपसांत ठरली नाही, तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची खिडकी तिच्या तारखेपासून दोन महिन्यांनी उघडते आणि सहा महिन्यांनी बंद होते. ती तारीख तुमच्या सॉलिसिटरच्या दैनंदिनीत असेलच, पण तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवा.