मदत हवी आहे: हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडचा लिनिअर (ट्रान्समीटरची ताकद वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) स्वतःच ऑसिलेट होतोय, म्हणजे आपोआप सिग्नल तयार करतोय

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. आयआरएफ५१० हा मॉस्फेट ट्रान्झिस्टर वापरून ७ मेगाहर्ट्झसाठी घरीच लिनिअर बांधलाय. ५० ओमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) शहाण्यासारखा वागतो. पण माडांमध्ये ताणलेला डायपोल अँटेना जोडला की ड्राइव्ह (इनपुट सिग्नल) नसतानाही ट्रान्झिस्टरचा ड्रेन करंट उसळतो, हीटसिंकला बोट लाववत नाही आणि बाजूच्या रिसीव्हरवर घरघर सुरू होते. गेटला १० ओम आणि फेराइट मणी आहे, सप्लायवर ०.१ मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटरही. बायस (गेटवरचं स्थिर व्होल्टेज) उतरवला की थांबतं, पण मग एसएसबीचा (सिंगल साइडबँड, आवाज पाठवायची पद्धत) आवाज फाटतो. इनपुट-आउटपुट कॉइल जरा जवळच बसल्यात, माझा संशय तिथेच. की कोएक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) बाहेरून आरएफ (रेडिओ सिग्नल) परत येतोय? आधी कोएक्सला चोक (तो आरएफ अडवणारा) लावू की दोन कॉइलच्या मध्ये पत्र्याचा पडदा? ड्रेन-गेट फीडबॅक रेझिस्टर कोणी घातलाय का, किती ओमचा? सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात, म्हणून आधीच विचारतोय.