तीन-चार नोडच्या (एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या) क्लस्टरला आपोआप लोड बॅलन्सिंग खरंच लागतं का?

वागळे_इस्टेट (धागाकर्ता)

एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवलं. तिच्या व्हीस्फिअर ७ या सॉफ्टवेअरचा नेहमीचा सपोर्टही २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ठाण्यापासून महाप्यापर्यंत लहान-मध्यम कंपन्यांची जी कामं मी बघतो, तिथे सगळीकडे आता प्रॉक्समॉक्स या ओपन सोर्स पर्यायावर जायचा विचार चालू आहे. जावं, असंच माझं मत. खाली केव्हीएम (व्हीएम चालवणारा गाभा) आहे, २००७ पासून तो लिनक्स कर्नलचाच भाग आहे, आणि वरचा सगळा कोड एजीपीएल लायसन्सखाली उघडा आहे.

पण बहुतेक बैठका एकाच प्रश्नावर अडतात: "यात डीआरएस आहे का?" डीआरएस म्हणजे व्हीएमवेअरची ती सोय, जी क्लस्टरवर सतत नजर ठेवते आणि एका होस्टवर (म्हणजे नोडवर) ताण आला की चालू व्हीएम उचलून दुसऱ्यावर नेते. माझं म्हणणं स्पष्ट आहे. तीन ते पाच नोडच्या क्लस्टरला ती लागत नाही, आणि तिच्यासाठी निर्णय लांबवणं चुकीचं आहे.

एका नोडवर ७० टक्के आणि दुसऱ्यावर ३० टक्के लोड दिसला की लोक अस्वस्थ होतात. का? ७० टक्क्यांवर कुठल्या व्हीएमला सीपीयूसाठी थांबावं लागत नसेल, तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. बघायचा तो ताटकळण्याचा वेळ. लिनक्स कर्नल ४.२० पासून हे मोजतो: कामं सीपीयू, मेमरी किंवा डिस्कसाठी किती वेळ अडून राहिली. प्रॉक्समॉक्स ९ मध्ये त्याचे आलेखही दिसतात. तो आकडा शून्याजवळ असेल तर व्हीएम जिथे आहे तिथेच राहू द्या.

दुसरं, व्हीएम हलवणं फुकट नसतं. ६४ जीबी रॅमची डेटाबेस व्हीएम १ गिगाबिटच्या लिंकवरून न्यायची तर एका फेरीलाच दहा मिनिटं जातात. तेवढ्या वेळात डेटाबेस मेमरीत नवी पानं लिहीत असतो, ती परत पाठवावी लागतात. लिहिण्याचा वेग जास्त असेल तर हे हलवणं, म्हणजे मायग्रेशन, संपतच नाही. आणि लहान कंपनीत बहुतेक वेळा हे सगळं ज्या स्विचवरून जातं, त्याच स्विचवर कोरोसिंकचेही (नोड एकमेकांना 'मी चालू आहे' कळवतात ती यंत्रणा) निरोप चालू असतात. लिंक तुंबली, निरोप उशिरा पोहोचले, की त्या नोडला वाटतं आपण बहुमतातून बाहेर पडलो. एचए (नोड पडला की त्याच्या व्हीएम दुसरीकडे उठवणारी सोय) चालू असेल तर मिनिटभरात वॉचडॉग हा पहारेकरी तो नोड रीबूट करतो आणि त्यावरच्या सगळ्या व्हीएम बंद पडतात. लोड सारखा करायला निघालेल्या यंत्रणेने नोडच पाडला, हे मला कुठल्याही गिऱ्हाइकाकडे नको आहे.

खरी गरज मोकळ्या जागेची आहे. तीन नोडवर प्रत्येकी २५६ जीबी रॅम असेल तर वापरायला ७६८ जीबी नाहीत, ५१२ आहेत, आणि त्यातूनही होस्टचा व झेडएफएस फाइल सिस्टिमचा वाटा वजा करायचा. हे एवढं पाळलं तर एक नोड गेला तरी बाकीचे दोन सगळं सांभाळतात. हे न पाळता बॅलन्सर लावला, तर त्याच्याकडे हलवायला जागाच नसते.

महापे_रात्रपाळी

पूर्ण असहमत. मी रात्री क्लस्टर सांभाळतो म्हणून सांगतो.

तुम्ही गृहीत धरलं आहे की पहिल्या दिवशी नीट मांडलेल्या व्हीएम तशाच राहतात. राहत नाहीत. नोड पॅच करायला रिकामा केला, रीबूट झाला, परत आला, आणि तो रिकामाच राहिला. दरम्यान कोणीतरी नवी व्हीएम जिथे हात पडला तिथे बनवली. काही महिन्यांत एका नोडवर गर्दी आणि दुसऱ्यावर शुकशुकाट. हे कोणी मुद्दाम करत नाही, म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि लक्ष ठेवणार कोण? गणपतीत आपल्याकडचं अर्धं ऑफिस कोकणात असतं. सर्व्हरची माहिती असलेला कंपनीत एकच माणूस, तो तेव्हा खेडच्या पुढे नेटवर्क शोधत उभा. शिस्त माणसावर सोपवायची आणि माणूस एकच ठेवायचा, हे मला पटत नाही.

स्विचचा मुद्दा बरोबर आहे, पण तो बॅलन्सिंगच्या विरोधात जात नाही. कोरोसिंकला वेगळं नेटवर्क द्या, हे प्रॉक्समॉक्सच्या कागदपत्रांतच लिहिलेलं आहे. ते न करता हाताने मायग्रेशन केलं तरी नोड तसाच पडेल.

पाचपाखाडी

मी धागाकर्त्यांच्या बाजूने. आमच्याकडे हिशेबाची कामं आहेत, विंडोज टर्मिनल सर्व्हरवर टॅली. ११ तारखेला जीएसटीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, २० ला ३बी. लोड कधी चढणार हे कॅलेंडरवर छापलेलं असतं.

मोठी अडचण लायसन्सची आहे आणि तिच्याबद्दल इथे कोणीच बोललेलं नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये होस्टचे सगळे कोअर लायसन्स केले की त्यावर दोन विंडोज व्हीएम चालवता येतात. ते लायसन्स एका होस्टवरून दुसऱ्यावर न्यायचं तर सर्वसाधारण नियम ९० दिवसांतून एकदाच. बॅलन्सर दिवसातून चार वेळा व्हीएम फिरवणार असेल, तर प्रत्येक होस्टवर सगळ्या व्हीएमना पुरेल एवढं लायसन्स आधीच घेऊन ठेवावं लागतं. हायपरवायझरवर (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) वाचवलेले पैसे तिकडे जातात. ऑडिट आलं की हे कळतं, तोवर उशीर झालेला असतो.

महापे_रात्रपाळी

@पाचपाखाडी ताई, लायसन्सचा मुद्दा मान्य. पण एचए चालू केलं की तोच प्रश्न येतो. नोड पडला तर तुमची टर्मिनल सर्व्हरची व्हीएम दुसऱ्या होस्टवर उठणारच. म्हणजे तिथलाही हिशेब करूनच ठेवावा लागतो.

पाचपाखाडी

नोड मरणं आणि रोज फेरफटका मारणं यात फरक आहे. हार्डवेअर कायमचं बिघडलं असेल तर ९० दिवसांचं बंधन तिथे सुटतं.

ऐरोली_सेक्टर

तुम्ही दोघंही 'ओपन सोर्स म्हणजे प्रॉक्समॉक्स' धरून भांडताय. एक्ससीपी-एनजी बघा. झेन हायपरवायझर, आणि वर ते सांभाळायला झेन ऑर्केस्ट्रा. त्यात लोड बॅलन्सिंगचं प्लगिन आहे: एक पद्धत व्हीएम पसरवून कामगिरी राखते, दुसरी त्या कमी होस्टवर गोळा करून रिकामे होस्ट बंद करते. महाराष्ट्रातले विजेचे औद्योगिक दर भरणाऱ्याला ती दुसरी पद्धत कामाची आहे. ओव्हर्ट या आणखी एका ओपन सोर्स पर्यायातही या दोन्ही पद्धती पूर्वीपासून आहेत. प्रॉक्समॉक्ससाठी बाहेरून लावायचं प्रॉक्सएलबी आहे. तेव्हा 'ओपन सोर्समध्ये ते नाही, म्हणून ते लागतच नाही' अशी मांडणी नको.

मात्र ओव्हर्टचं उदाहरण घेतलंच आहे तर पुढचंही सांगतो. रेड हॅटने त्यावर आधारलेलं आपलं व्हर्च्युअलायझेशन उत्पादन गुंडाळलं आणि लोकांना ओपनशिफ्ट या आपल्या दुसऱ्या उत्पादनाकडे वळवलं. ओव्हर्ट आता समुदायाच्या जोरावर चालतं. कोड उघडा असला तरी पाठीशी पगारी माणसं किती आहेत, हे निवडताना बघावंच लागतं.

वागळे_इस्टेट

@ऐरोली_सेक्टर 'नाही म्हणून लागत नाही' असं मी म्हटलेलं नाही. प्रॉक्समॉक्समध्ये ७.३ पासून व्हीएम कुठल्या नोडवर उठवायची ते ठरवणारा क्लस्टर रिसोर्स शेड्युलर आहे. त्याची मूळ पद्धत प्रत्येक नोडवर एचएच्या व्हीएम किती एवढंच मोजते. तिच्या हिशेबी २ जीबीची व्हीएम आणि ६४ जीबीची व्हीएम सारखीच. 'स्टॅटिक' पद्धत लावली की व्हीएमला दिलेले कोअर आणि रॅम धरते. मी सगळीकडे स्टॅटिक लावतो. नोड पडल्यावर व्हीएम कुठे उठणार हा निर्णय मशीननेच घ्यावा, रात्री दोन वाजता माणसाने नव्हे. माझा विरोध चालू, निरोगी व्हीएम सरासरीसाठी हलवण्याला आहे.

@महापे_रात्रपाळी पॅचिंगनंतर नोड रिकामा राहतो म्हणालात. मेंटेनन्स मोड वापरला तर नोड परत आल्यावर हललेल्या व्हीएम आपोआप परत येतात.

महापे_रात्रपाळी

ज्या एचएमध्ये घातल्या आहेत त्याच. लहान कंपन्यांत निम्म्या व्हीएम एचएमध्ये नसतात, त्या हातानेच हलवाव्या लागतात आणि तिथेच गोंधळ होतो.

शिवाय बॅलन्सिंग म्हणजे फक्त सरासरी नाही. दोन डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारे सर्व्हर) एकाच नोडवर जाऊन बसले आणि तोच नोड गेला, तर लॉगिन सगळ्यांचंच बंद. 'या दोघांना वेगळं ठेव' हा नियम मशीनलाच पाळू द्यावा.

वागळे_इस्टेट

तो नियम प्रॉक्समॉक्स ९ मध्ये आला आहे: अमुक व्हीएम एकत्र ठेव, अमुक वेगळ्या ठेव. तो जरूर लावा. त्याला मी बॅलन्सिंग म्हणत नाही, पण त्यावरून वाद घालणार नाही.

सानपाडा

मध्येच विचारतो, माफ करा. आमचे दोन नोड ठाण्याच्या ऑफिसात, दोन महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये. मध्ये चांगलं फायबर आहे. चारांचा एकच क्लस्टर करून लोड दोन्हीकडे वाटला तर?

महापे_रात्रपाळी

करू नका. अंतर दहा-पंधरा किलोमीटर, लेटन्सीची (निरोप पोहोचायला लागणाऱ्या वेळाची) भीती नाही. भीती मतांची आहे: प्रत्येक नोडला एक मत, आणि क्लस्टर चालायला बहुमत लागतं. चारपैकी बहुमत म्हणजे तीन. मधली लिंक तुटली की दोन्हीकडे दोन-दोन मतं, आणि एचएवाले सगळे नोड स्वतःला रीबूट करून घेतील. पाचवं मत क्यूडिव्हाइसचं (फक्त मत देणाऱ्या वेगळ्या मशीनचं), तेही तिसऱ्या जागी, असेल तरच विचार करा. आणि १२ ऑक्टोबर २०२० आठवा. कळवा-पडघा वाहिन्या गेल्या तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळंच एकदम अंधारात गेलं. ठाणे आणि महापे ही वीजपुरवठ्याच्या दृष्टीने दोन वेगळी गावं नाहीत.

वागळे_इस्टेट

याच्याशी शंभर टक्के सहमत. दोन वेगळे क्लस्टर ठेवा आणि बॅकअप इकडून तिकडे पाठवा. तिसरी प्रत या पट्ट्याच्या बाहेर.

ऐरोली_सेक्टर

मूळ मुद्द्यावर येतो. बॅलन्सर सुरुवातीला फक्त 'सुचवा' पद्धतीत लावायला तुमचा विरोध का असावा? प्रॉक्सएलबी प्रत्यक्ष न हलवता काय हलवलं असतं ते दाखवतं. यादी रोज सकाळी मेलवर येईल, पटलं तर हलवा.

वागळे_इस्टेट

त्याला विरोध नाही. दोन अटी. सूचना ताटकळण्याच्या वेळेवरून यावी, टक्क्यांवरून नव्हे. आणि यादीतून विंडोज व्हीएम व मोठे डेटाबेस वगळलेले असावेत.

महापे_रात्रपाळी

पहिली अट मान्य. दुसरीतले डेटाबेस मी वगळणार नाही. १० गिगाबिटचं वेगळं मायग्रेशन नेटवर्क असेल तर ६४ जीबीची फेरी दीड-दोन मिनिटांत होते, आणि ताण आला की पहिला त्रास डेटाबेसलाच होतो. ज्याला सर्वात जास्त जागा लागते त्यालाच जागेवर खिळवून ठेवायचं, तर मग बाकीच्या किरकोळ व्हीएम हलवून मिळवलं काय?

वागळे_इस्टेट

किरकोळ व्हीएम हलवल्या की डेटाबेसला जागा मिळते. तो जागचा हलवायची वेळच येत नाही.